गाळलेलं प्रकरण

नेमक्या त्या वाक्यालाच आवाज गेला. रविवारची सकाळ, दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात, आणि कानांत तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर घड्याळजीच्या दाराबाहेर थंडीत उभा. आता तो विचारणार, 'आत येऊ?' कादंबरी ती तिसऱ्यांदा ऐकत होती. वाक्य पाठ होतं, वाचणारा त्याआधी श्वास कुठे घेतो तेही पाठ होतं, आणि तरी दर वेळी ती जागा आली की तिचे हात आपोआप मंद व्हायचे. श्वास आला. वाक्य आलंच नाही. तिने खांद्याने उजव्या कानातलं इअरफोनचं बोंड दाबून पाहिलं, मग डाव्या कानातलं. काही नाही. नळाचं पाणी, खालच्या मजल्यावरचं कुत्रं, बास. "मेली बॅटरी," ती पुटपुटली, उरलेली पातेली घासली, बोंडं काढून ओट्यावर ठेवली, फोन फ्रिजवर तसाच टाकला आणि केस धुवायला गेली. केस धुवायचे म्हणजे तिचा तासभर जायचा. डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आली तेव्हा फ्रिजवर उजेड होता. गोष्ट चालूच होती. प्रकरण केव्हाच पुढे गेलं होतं, खालची रेघ सरकत होती, आणि रेघेखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आवाज कुठे जातोय: आई डावा, आई उजवा. सासूबाईंच्या कानांच्या मशीनांना ही नावं तिनेच दिली होती. तिने पडद्याआडून गॅलरीत पाहिलं. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर मटारची परात, हातात एक अर्धी सोललेली शेंग. शेंग सोलली जात नव्हती. त्या समोरच्या बिल्डिंगकडे बघत होत्या, पण समोरच्या बिल्डिंगमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं.

चूक सरळसरळ धंद्यातली होती. ती कानाची मशीनं बसवून द्यायची. केंद्रात आवाजबंद खोली होती, तिथे लोकांना बसवून बारीकमोठ्या शिट्या ऐकवायच्या, ऐकू आली की बटण दाबायला सांगायचं, मग त्या माणसाच्या कानाला कुठला आवाज किती कमी पडतो ते बघून मशीन बेतायचं. पण ती सगळ्यांना बजावायची की या खोलीत मशीन छान चालतंय म्हणून नाचू नका, घरी मिक्सर आहे, बेल आहे, भांडणारी माणसं आहेत, खरी परीक्षा तिथे. म्हणून सासूबाईंची नवी मशीनं तिने घरी आणून, स्वतःच्या फोनला जोडून, जेवणाच्या टेबलाशी बसून बेतली होती. आणि काम झाल्यावर जोडणी तोडायची राहिली. केंद्रातल्या नव्या मुलीने हे केलं असतं तर तिने तिला चांगली झापली असती. सकाळी सासूबाईंनी तोंड धुऊन मशीनं कानांत घातली, त्या मशीनांना जाग आली, ओळखीचा फोन जवळ दिसला आणि मशीनांनीच आवाज ओढून घेतला. इतकं साधं. पंचा डोक्यावर तसाच ठेवून ती फोनकडे बघत राहिली. गोष्ट बंद करावी तर सासूबाईंना कळणार की कुणीतरी बंद केली. चालू ठेवावी तर पुढच्या प्रकरणांत काय आहे ते तिला चांगलंच माहीत होतं. शेवटी तिने बंद केली. थोड्या वेळाने शेंगा फुटायला लागल्या.

दिवसभर सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्या, वरणात मीठ कमी आहे, पंखा कुरकुरतो, थोरल्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दाढी करावी असं सगळं बोलल्या. त्याबद्दल नाही. ती मात्र रात्री दिवा मालवेपर्यंत चोरासारखी वावरली. पन्नाशीला टेकलेली बाई, कामाच्या ठिकाणी चार माणसं तिला विचारून काम करतात, आणि ही घरी दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी ऐकते, त्यातला एक माणूससुद्धा नाही. हसावं की लपावं? तिला लाज गोष्टींची नव्हती. लाज याची होती की कुणी 'का ऐकतेस' विचारलं असतं तर तिला एका वाक्यात सांगता आलं नसतं, आणि तिच्या घरात एका वाक्याच्या पलीकडे कुणी थांबत नसे.

लागल्या त्या गोष्टी कामामुळेच. म्हाताऱ्या कानाचे बारीक आवाज आधी जातात. पाखरं, लहान मुलं, बायका हे सगळे आधी नाहीसे होतात; पुरुषांचे जाड आवाज शेवटपर्यंत तग धरतात. मशीन बेतायला सलग बोलणं लागतं, बातम्यांना लोक कंटाळतात, म्हणून तिने एकदा मोबाईलवर जाड आवाजाची एखादी कादंबरी शोधली आणि हाताला लागेल ती लावली. एक बेकरीवाला होता आणि एक घटस्फोटाचा वकील. तिला वाटलं, दोघे भागीदार असतील. दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं की प्रकरण वेगळं आहे, आणि त्याच दुपारी तिच्या हेही लक्षात आलं की समोरचे आजोबा केव्हाचे उठून गेलेत आणि आपण एकटीच ऐकत बसलोय. मग घरी येताना उरलेली ऐकली. मग दुसरी. लांडग्याची, भुताची, समुद्रातल्या माणसाची, शाळामास्तरांची. जे हाताला लागेल ते.

काय होतं त्यात? बिछान्यात पडल्या पडल्या ती स्वतःलाच विचारायची, शेजारी नवरा घोरत असताना. एक तर त्यात ती नव्हती. बाईच्या गोष्टीत बाई आली की ही लगेच तिच्याशी स्वतःला ताडून बघायला लागायची. ती किती सडसडीत आहे, ती किती सोसते, तिच्या जागी आपण काय केलं असतं. इथे तिला कुणी कामाला लावत नव्हतं. कुणाचा चहा गार होत नव्हता. ती नुसती ऐकू शकत होती, आयुष्यात पहिल्यांदाच फुकटची पाहुणी. पण तेवढंच नव्हतं. तिच्या लग्नात सगळं न बोलता ठरलं होतं. कुणी उठून दार उघडायचं, कुणी अंथरूण घालायचं, दिवा कुणी मालवायचा आणि मालवल्यावर काय. कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं, कारण विचारायचं काय त्यात, असतंच ते. या दोन पुरुषांना आयतं काही मिळालेलंच नव्हतं. कोण कोणाचा कोट उचलणार, हात कुणी आधी धरायचा, इथे थांबू का, जाऊ का. सगळं विचारावं लागायचं. आणि विचारताना भल्या भल्या रांगड्या माणसाचा आवाज असा खाली यायचा की तिला हातातलं काम सोडून बसावंसं वाटायचं. भुताखेतांच्या गोष्टींत तर आणखीनच. तो व्हॅम्पायर, एका हाताने दार उखडेल असा, पण आतून कुणी 'ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही, हा त्यांच्यातला नियमच. एवढी ताकद दारात उभी राहून परवानगी मागते. तिला तिच्या नवऱ्याने कधी काही मागितलं नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो, अजिबात नव्हता. त्याला लागेल ते त्याच्या हाताशी असायचं, मग मागेल कशाला?

आजच्या काळातल्या साध्या गोष्टी तिला तितक्या आवडायच्या नाहीत. त्यांत बहुतेक वेळा दहाव्या-बाराव्या प्रकरणात आई यायची. टेबलाशी बसलेली, ओठ आवळलेली आई. ती काहीतरी बोलायची आणि दोघांतला एक जण उठून जायचा. ते प्रकरण ती गाळायची. शापाला निदान उतारा असतो, नियम असतो. आईचं काय करायचं ते कुठल्याच लेखकाला धड माहीत नव्हतं. आणि ती आई ऐकताना तिला डोळ्यांपुढे सासूबाईच दिसायच्या. कारण होतं. तिचा धाकटा दीर महिन्यातून एका रविवारी आईला भेटायला यायचा. तासभर बसायचा, केक आणायचा, आईचे पाय चेपायचा. आणि त्या तासभर समोरच्या फुटपाथला एक राखाडी गाडी उभी असायची, आत एक माणूस पुस्तक वाचत बसलेला. जनावरांचा डॉक्टर. धाकट्याबरोबर तो गेली बारा-तेरा वर्षं एका घरात राहत होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे तिला आणि थोरल्याला. थोरला पुलांची तपासणी करायचा. कशाला किती भार सोसवेल हे सांगणं हा त्याचा धंदाच. त्याने अगदी पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं, "आईला सहन होणार नाही." धाकटा त्यावर "बरं" म्हणाला होता. त्या 'बरं'नंतर डॉक्टर कधी वर आला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी दिसायची. उन्हाळ्यात तो काचा खाली करून बसायचा. ती ओट्याशी उभी राहून कानांतल्या व्हॅम्पायरसाठी डोळे पुसायची आणि खाली त्याला तिने कधी पाण्याचा ग्लास नेऊन दिला नव्हता.

सोमवारी ती कामावरून आली तर सासूबाई गॅलरीत. परात नाही, जपमाळ नाही, पेपर नाही. हात मांडीवर, मशीनं कानांत, मान जराशी वर केलेली. तिने "आई, चहा?" विचारलं तर "नको, मग" म्हणाल्या. आणि तशाच बसून राहिल्या. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई वाट बघत होत्या. ती फ्रिजपाशी गेली, फोन हातात घेतला, आणि कुणीतरी पकडेल अशा घाईने गोष्ट लावली, काल थांबली होती तिथून. गॅलरीत मान खाली आली. खांदे सैल पडले. अर्ध्या तासाने ती चहा घेऊन गेली तर सासूबाईंनी हाताने खूण केली, थांब. तिने कप कठड्यावर ठेवला. दोघी एकमेकींकडे न बघता तिथेच होत्या. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तिला स्वतःला आता काही ऐकू येत नव्हतं. आवाज सगळा तिकडे जात होता. पण गोष्ट पाठ असल्यामुळे ती सासूबाईंच्या चेहऱ्यावरून ओळखायची की आता घड्याळजीने दार अर्धं उघडलंय, आता शेजारीण आली, आता तो उन्हाने भाजलेला हात लपवतोय. सासूबाईंची भुवई वर जायची, ओठ हलायचे. एकदा त्या मोठ्याने म्हणाल्या, "अरे, सांगून टाक ना!" आणि मग स्वतःच दचकून समोरच्या बिल्डिंगकडे बघायला लागल्या. लग्न करून या घरात आल्यापासून तिने सासूबाईंचा चेहरा इतका वेळ कधी पाहिला नव्हता. तिचा स्वतःचा आवाज बारीक. सासूबाईंच्या कानांतून सगळ्यांत आधी गेला तो तिचा. मुलांचं बोलणं त्यांना ऐकू यायचं, तिचं तीन-तीनदा सांगावं लागायचं, मग तिने सांगणंच सोडलं होतं. चौथ्यांदा कोण सांगतं? 'काही नाही, आई,' म्हणायची आणि पुढे व्हायची.

केंद्रात ती नातेवाइकांना दारापाशी उभं करून सांगायची, "एक लक्षात ठेवा. ते 'काय म्हणालास?' विचारतील. तेव्हा काहीही झालं तरी 'काही नाही' म्हणू नका. दोनदा सांगा, दहादा सांगा, ओरडा, चिडा. पण 'काही नाही' म्हणू नका. त्याच्याइतकं वाईट त्यांना दुसरं काही लागत नाही." लोक माना डोलवायचे. ती हे इतक्या कळकळीने बोलायची की एकदा एका म्हातारीने तिचा हात धरून डोळे पुसले होते. आणि घरी? सोडा.

आता थोडा पेच होता. रविवारी धाकटा येणार होता, आणि हा त्याचा नेहमीचा रविवार नव्हता. त्याला आणि डॉक्टरला दूरदेशी नोकऱ्या मिळाल्या होत्या, घर आवरून झालं होतं, पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. सासूबाईंचं वय बघता यानंतरची भेट होईल न होईल. थोरल्याने फोनवर त्याला सांगितलेलं तिने ऐकलं होतं, "ये ना, निवांत ये. म्हणजे... नेहमीसारखंच रे." पलीकडून धाकटा नेहमीसारखंच "बरं" म्हणाला असणार. म्हणजे तेरा वर्षं खाली बसलेला माणूस खालूनच निघून जाणार. आणि हे सगळं ज्यांच्यासाठी, त्या गॅलरीत बसून व्हॅम्पायर ऐकत होत्या. तिला वाटलं बोलावं. पण बोलायचं ठरवलं की तिला ती टेबलाशी बसलेली आई आठवायची, आवळलेले ओठ आठवायचे. थोरल्याशी बोलायचाही तिने एकदा प्रयत्न केला. तो बूट काढत होता. "धाकट्याच्या... त्या डॉक्टरांना एकदा वर बोलवावं का?" त्याने मान वर न करता विचारलं, "आईला काय सांगणार?"

गुरुवारी सतरावं प्रकरण आलं. सतराव्यात घड्याळजी दार पूर्ण उघडतो आणि मग बरंच काही होतं, अगदी सविस्तर. तिने ते फ्रिजपाशी उभं राहून, कान लाल होत, बोटाने पुढे ढकललं आणि अठरावं लावलं. आपण किती सोज्वळ काम केलं असं वाटून ती कणीक मळायला लागली. थोड्या वेळाने गॅलरीतून हाक आली. सासूबाईंनी मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं.

"मध्ये काहीतरी गाळलंस."

"नाही आई, ते जरा..."

"दारात उभा होता. आता एकदम सकाळ झाली आणि ह्याचा शर्ट त्याच्या अंगात. काय झालं मध्ये?"

"काही ना..." तिने जीभ चावली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "ऐकू येत नव्हतं तेव्हा गाळत होतात, ठीक. आता येतंय तरी गाळता. सवयच लागली तुम्हाला." रागावल्या नव्हत्या. मीठ कमी आहे म्हणतात त्याच सुरात बोलत होत्या. "मला नाही ऐकायचं ते खोलीतलं. माझं वय आहे का आता. पण गाळलंय एवढं सांग तरी. नाहीतर मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं."

ती कणकेचे हात घेऊन गॅलरीच्या दारात उभी राहिली. सासूबाईंनीच पुढे विचारलं, "तो दारात का थांबतो गं? एवढा दांडगा आहे, भिंत फोडून येईल."

"नियम आहे त्यांच्यात. आतल्याने बोलावल्याशिवाय येता येत नाही."

"हं." सासूबाईंनी जरा विचार केला. "आणि आतल्याला कुणी सांगितलंच नाही, बाहेर कोण उभं आहे ते?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती सासूबाईंच्या पायापाशी, खाली फरशीवरच बसली.

"एकदा मी विचारलं होतं तुला," सासूबाई म्हणाल्या. "धाकटा आला होता. खिडकीतून ती करडी गाडी दिसली. म्हटलं, कोण गं ते? सारखं असतं. तू काय म्हणालीस?"

तिला आठवत होतं. कुणी नाही, आई. हातात लाटणं होतं, तेही आठवत होतं. इतकी वर्षं ती दहाव्या प्रकरणातल्या आईवर राग धरून बसली होती, सगळ्या गोष्टींतल्या सगळ्या आयांवर, आणि दारात आडवी उभी होती ती स्वतः. लाटणं घेऊन. आईला कुणी टेबलाशी बसवलंच नव्हतं. तिला एकदम रडू आलं आणि तिने ते थांबवलं नाही.

"ते डॉक्टर आहेत," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, एकेक शब्द तोडून, केंद्रात बोलते तसं. "जनावरांचे. धाकट्याबरोबर राहतात. तेरा वर्षं. ते दोघं, आई, या गोष्टीतल्यासारखे आहेत."

"त्यातला तो रक्त पितो."

"तेवढं सोडून."

सासूबाई हसल्या. मग हसू मावळलं आणि त्या हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसल्या. "मला कळलं नव्हतं असं नाही हं. पोराचे पाय कुणासाठी खाली ओढ घेतात ते आईला कळतं. तासभर झाला की घड्याळ बघायचा. तू म्हणालीस कुणी नाही, मला ते सोयीचं पडलं. म्हटलं, नाही तर नाही." त्यांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. "एवढा वेळ गाडीत बसून पाय अवघडत असतील."

रविवारी धाकटा आला. केक आणला. थोरल्याने विमानाची, सामानाची, तिथल्या थंडीची चौकशी केली, तीच तीच पुन्हा केली. ती खिडकीपाशी होती; गाडी आली होती, काच अर्धी खाली, आत पुस्तक. सासूबाईंनी केकचा तुकडा बशीत तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांना वर बोलाव."

कुणाला, असं कुणीही विचारलं नाही. धाकट्याचा चेहरा असा झाला की तिला बघवेना. थोरला त्याच्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाला, "आता शेवटच्या दिवशी कशाला? आईला उगाच..."

"मला ऐकू येतं आता," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्याने बोल, नाहीतर बोलू नकोस."

धाकटा फोन घेऊन गॅलरीत गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. ती मनात म्हणत होती, आला, आता आला, लिफ्टचा आवाज येईल. गोष्टीत एवढंच लागतं. आतून शब्द येतो, उंबऱ्यावरचं ते अदृश्य काहीतरी विरघळतं आणि तो पाऊल आत टाकतो. ती दोन्ही वेळा तिथे रडली होती. धाकटा परत आला. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"नको म्हणतो," तो म्हणाला. "रागाने नाही गं आई. म्हणाला, थँक यू सांग. म्हणाला, आता सवय झालीय, वर येऊन काय बोलायचं सुचणार नाही. पुढच्या वेळी."

पुढची वेळ नव्हती, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. थोरल्याने सुटकेचा श्वास टाकला आणि तो टाकल्याबद्दल त्याचं त्यालाच वाईट वाटलेलं तिला दिसलं. तिच्या मनात आलं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बोलावलं आणि आला नाही. बरोबरच आहे की. तेरा वर्षं ज्याला 'कुणी नाही' म्हटलं, तो एका हाकेला माणूस होऊन वर कसा येईल? बोलावून आपण मोकळे झालो, एवढंच. तिला खूप लाज वाटली आणि कुठे तोंड लपवावं ते कळेना, म्हणून ती बशा गोळा करायला लागली. तेवढ्यात सासूबाई उठल्या. चपला शोधायला लागल्या.

"आई, कुठे?" थोरला म्हणाला.

"खाली."

"अगं, पण गुडघे..."

"लिफ्ट आहे ना? गुडघ्यांना काय करायचंय लिफ्टमध्ये?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू चल माझ्याबरोबर. तुम्ही दोघं बसा इथे, केक खा."

लिफ्टमध्ये सासूबाईंनी पदर सारखा केला, मग मशीनं नीट बसलीत का ते बोटाने चाचपलं. फुटपाथवर ऊन होतं. रस्ता ओलांडताना त्यांनी तिचा दंड घट्ट धरला होता. गाडीपाशी आल्यावर त्यांनी काचेवर टकटक केलं. डॉक्टरने वर पाहिलं. केस पिकलेला, चष्मेवाला, तिला वरून वाटला होता त्याहून वयस्क माणूस. तो गडबडला, पुस्तक मिटलं, दार उघडून उतरायला लागला.

"उतरू नका," सासूबाई म्हणाल्या. "बसा."

तो अर्धवट उठलेला तसाच खाली बसला. सासूबाई गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेल्या. एका हाताने दार धरलं, पण उघडलं नाही. खाली वाकून काचेतून आत पाहिलं. आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्या आवाजात तिने सासूबाईंना कधी कुणाशी बोलताना ऐकलं नव्हतं.

"आत येऊ?"

गोष्टीत घड्याळजी किती वेळ घेतो ते तिला ठाऊक होतं. हा त्याहून जास्त घेत होता. तो एकदा म्हाताऱ्या बाईंकडे, एकदा तिच्याकडे, एकदा वरच्या खिडकीकडे बघत होता. तिला भीती वाटली, हा आता नाही म्हणेल. म्हणू दे, ती मनात म्हणाली, त्याचा हक्क आहे. आणि तरी म्हणू नको, म्हणू नको, असंही म्हणत राहिली. मग त्याने शेजारच्या सीटवरची औषधांची बॅग उचलून मागे टाकली. हाताने सीट झटकली.

"या," तो म्हणाला. "जरा केस आहेत. कुत्र्याचे."

"असू देत." सासूबाई हळूहळू, आधी पाठ, मग एक पाय, मग दुसरा, अशा आत बसल्या. दार लावून घेतलं. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला, आत दोघे काही बोलले ते तिला ऐकू आलं नाही. ती बाहेर उभी. मागचं दार बंद होतं. हात पुढे करून उघडता आलं असतं, ती नेहमी तशीच बसायची, नवऱ्याच्या गाडीत, दिराच्या, कुणाच्याही. तिने हात मागे घेतला. पुढच्या अर्ध्या काचेशी वाकली. तोंड उघडलं तर आवाज नेहमीचा, बारीक, स्वतःलाच जेमतेम ऐकू येईल असा.

"मी पण येऊ का?"

सासूबाईंनी डॉक्टरकडे वळून विचारलं, "काय म्हणाली ती?"

ती सवयीने थांबली, 'काही नाही' या दोन शब्दांसाठी. डॉक्टर सासूबाईंच्या कानाशी वाकला आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाला, "त्या विचारतायत, मी पण आत येऊ का?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मला काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "गाडी त्यांची आहे."